छप्पन रॉड, अठ्ठेचाळीस लग आणि फ्रिजवरचं एक चुंबक

गेले चार महिने आमच्या डोंबिवलीच्या गॅलरीत कपडे वाळत घालायला जागा नाहीये. बायको तशी काही बोलत नाही, पण परवा ओला टॉवेल बेस ड्रमवर टाकलान म्हणून मी ओरडलो तेव्हा तिने माझ्याकडे जे बघितलं ना, त्यात सगळं आलं.

तर झालंय असं की मामाचा ड्रमसेट गावाहून आणलाय. मामा लालबागला मिलमध्ये साचे खात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होता, दिवसपाळी करायची आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचा, गणपती-नवरात्रात तर घरी फक्त आंघोळीला यायचा असं आई सांगते. हा सेट त्याने ७६ साली बोटीवर काम करणाऱ्या एका गोवेकराकडून घेतला, हप्त्याने. मग १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, पुढचं काय ते सगळ्यांना माहितीये, दोन वर्षं वाट बघून मामा देवगडकडे गावी परत गेला आणि ड्रमसेट गेला एसटीच्या टपावरून. गावी दोन-चार गणपती वाजवला. एकदा दशावतारात पखवाजाच्या बाजूला लावून बघितला म्हणे, तर पेटीवाल्याने रात्रीच उचलून बाहेर ठेवला, ते बरोबरच केलं त्याने. मग ऑक्टोपॅडवाली (विजेवरचे ड्रम वाजवणारी) पोरं आली आणि सेट माळ्यावर गेला तो गेलाच. समुद्र घरापासून दोन शेतं सोडून. म्हणजे बघा, पस्तीसएक पावसाळे आणि खारा वारा.

सेट कुठल्या मोठ्या नावाचा नाहीये हे आधीच सांगतो, नाहीतर लोक लगेच भाव विचारतात. ९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स अमेरिकेत टीव्हीवर पहिल्यांदा वाजले, एड सलिव्हन शोमध्ये, त्यांच्या ड्रमर रिंगो स्टारच्या बेस ड्रमवर लुडविग कंपनीचं नाव सगळ्या अमेरिकेने वाचलं, आणि नंतर पोराटोरांना ड्रमसेट हवा झाला, पण लुडविग प्रत्येकाच्या बापाला थोडीच परवडणार, मग जपानी कारखान्यांनी स्वस्तातले सेट धडाधड काढले आणि ज्या दुकानदाराला जे नाव हवं त्या नावाचा बिल्ला ठोकून दिला. मामाचा त्यातलाच. लाल चमकीचं प्लास्टिक वरून गुंडाळलेलं, आत लुआन नावाचं हलकं लाकूड, कातडी ताणून धरणाऱ्या रिंगा पातळ, आणि कुठेतरी बारीक अक्षरात मेड इन जपान. पण वाजतो छान हां. म्हणजे वाजेल. अजून वाजवलेला नाही.

माळ्यावरून काढला तेव्हा गोणपाटात आणि त्याच्यावर प्लास्टिकमध्ये बांधलेला होता. नीट जपायचं म्हणून बांधलेला, आणि तीच चूक, कारण प्लास्टिकच्या आत दमट हवा कोंडली ती बाहेर गेलीच नाही. एक छोटा टमटम (सेटमधला लहान ड्रम) नुसताच जुन्या धोतरात गुंडाळून खुंटीला टांगलेला होता, त्याला सगळ्यात कमी गंज. बाकीच्यांचं क्रोम म्हणजे हापूसच्या सालीवर काळे ठिपके पडतात ना, तसं, काही ठिकाणी तर तांबडी पुरळ उठल्यासारखं.

आता इथे एक गोष्ट मला पन्नाशीला आल्यावर कळली ती सांगतो. क्रोम गंजत नाही. खरंच नाही. गंजतं ते त्याच्या खालचं लोखंड. आधी लोखंडी पत्रा, त्यावर निकेलचा थर, आणि त्यावर सगळ्यात शेवटी क्रोम, ते इतकं पातळ की अर्धा मायक्रॉनसुद्धा नसतं बऱ्याचदा, आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो त्यावरून हिशोब करा. निळसर चकाकी क्रोमची, पण खरं राखण करतं ते खालचं निकेल. आपल्याकडे पितळेच्या पातेल्याला कल्हई असते ना, त्यातलाच प्रकार, फक्त कल्हई घासून जाते ती दिसते तरी, क्रोमला केसाएवढ्या भेगा आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात ती डोळ्यांना दिसत नाहीत. त्यातून ओल आत जाते, मीठ असेल तर आणखी लवकर, आणि खालचं लोखंड गंजून फुगतं आणि त्याच भोकातून वर येतं. म्हणजे आपल्याला जो तांबडा ठिपका दिसतो तो क्रोमवर बसलेला असतो, आलेला खालून असतो. वरचा पुसला जातो. भोक राहतं.

हे आधी माहीत असतं तर माझे निम्मे उद्योग वाचले असते.

पहिला उद्योग व्हिनेगरचा. इंटरनेटवर जिथे बघाल तिथे लोक सांगतात की गंजलेली वस्तू रात्रभर व्हिनेगरमध्ये टाका, सकाळी नवी. मी उत्साहात फ्लोअर टमचा, म्हणजे पायांवर जमिनीवर उभा राहतो त्या ड्रमचा, एक लग काढला (लग म्हणजे ड्रमच्या अंगाला जे डबीसारखे तुकडे असतात, ज्यात ताणाचे रॉड फिरतात ते), वाटीत घातला, वर व्हिनेगर ओतलं आणि झोपलो. रात्री पाणी प्यायला उठलो तर वाटीतून बारीक बुडबुडे येतायत, सोडा फोडल्यासारखे, आणि मी चक्क खूश झालो, म्हटलं काम चालू आहे. सकाळी लग बाहेर काढून बोटाने पुसला तर क्रोम कांद्याच्या पापुद्र्यासारखं हातात आलं. खाली राखाडी, खरबरीत, मेलेल्या दातासारखा रंग.

झालं काय होतं, तर लग लोखंडाचा नव्हताच. जस्ताचा होता. असले लग जस्ताच्या मिश्रधातूचे साच्यात ओतलेले असतात, बहुतेक सगळ्या जुन्या सेटना तेच. जस्ताला तांबडा गंज येत नाही, पांढरट पीठ येतं आणि क्रोमला फोड येतात. आणि आम्लात जस्त विरघळतं, ते बुडबुडे हायड्रोजनचे होते, माझा लग विरघळत होता आणि मी बघून खूश होत होतो.

तेव्हापासून फ्रिजवरचं एक चुंबक, गणपतीपुळ्याहून आणलेलं, कासवाचं, ते गॅलरीतच असतं. कुठलाही तुकडा हातात घेतला की आधी चुंबक. खट्कन चिकटलं तर लोखंड, त्याला तांबडा गंज, त्याचे उपाय वेगळे. नाही चिकटलं तर जस्त नाहीतर पितळ नाहीतर ॲल्युमिनियम, त्याला आम्ल दाखवायचं पण नाही, साबणाचं पाणी, मऊ ब्रश आणि पॉलिश, बास. बाकी काही लक्षात नाही राहिलं तरी चालेल, चुंबक तेवढं ठेवा.

सेट खोलताना फोटो काढा, हे सगळेच सांगतात आणि कोणी काढत नाही. मीही पहिल्या ड्रमचे नाही काढले. लगच्या आत एक स्प्रिंग असते आणि तिच्यामुळे नट जागेवर राहतो, आणि ती स्प्रिंग चाळीस वर्षं दबून बसलेली असते, तुम्ही स्क्रू काढला की तिला एकदम स्वातंत्र्य मिळतं. एक कपाटाखाली गेली ती तीन दिवसांनी सापडली, एक अजून नाही सापडली. काही स्प्रिंगांभोवती फेल्टचे तुकडे भरलेले होते, ते कचरा म्हणून टाकू नका, वाजवताना स्प्रिंग झणझणू नये म्हणून असतात ते. मोजणी अशी निघाली: छप्पन ताणाचे रॉड, तेवढेच वॉशर, अठ्ठेचाळीस लग, सहा लोखंडी रिंगा, बेस ड्रमच्या रिंगा लाकडी, आणि त्यांना धरणारे सोळा पंजे. सगळं आईच्या मसाल्याच्या रिकाम्या डब्यांत. माझ्या साइड ड्रमच्या (मांडीजवळ असतो तो) वॉशरना आता कायमचा धण्याचा वास आहे.

धुणं आधी. हे मी घाईत टाळत होतो, पण निम्मा गंज गंज नसतोच, मंडपातली धूळ, सिगरेटचा धूर, तेल, असं सगळं बसून तांबूस किटण झालेलं असतं. भांड्याचा साबण, कोमट पाणी, जुना टूथब्रश. फक्त धातू, हं. लाकडी ड्रमला पाणी लावायचं नाही, लुआन तर पाणी पितंच.

आणि मग फॉइल. पोळ्या गुंडाळतो तीच ॲल्युमिनियमची फॉइल. मला हे थोतांड वाटत होतं खरं सांगायचं तर, एवढ्याशा चुरगळलेल्या कागदाने काय होणार. पण कारण साधं आहे, ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा बरंच मऊ असतं, त्यामुळे क्रोमला ओरखडा जात नाही, आणि गंज ठिसूळ असतो तो त्याच्या घडीला अडकून निघतो. लिंबाएवढा गोळा करायचा, फार घट्ट नाही, पाण्यात बुडवायचा, रिंगच्या कडेकडेने हलक्या हाताने फिरवायचा. सुरुवातीला खर्र खर्र असा आवाज येतो, बोटांना पण लागतं ते, वाळू असल्यासारखं. मग हळूहळू काळपट तपकिरी लगदा व्हायला लागतो, चिकणमातीसारखा, आणि एक क्षण येतो की आवाज बंद होतो. गोळा एकदम घसरायला लागतो. तिथे थांबायचं. जुन्या बनियनने पुसलं की खाली जे दिसतं ते बघून मी पहिल्यांदा बायकोला हाक मारली, ती पीठ मळत होती तशीच आली आणि म्हणाली, हा आपल्या चेहऱ्याचा आकार आहे का खरंच. रिंगमध्ये तोंड फाकलेलं दिसतं.

एका रिंगेला पाऊण तास. काही लोक पाण्याऐवजी कोला वापरतात, त्यात फॉस्फोरिक ॲसिड असतं म्हणून, मीही एक रिंग तशी केली, जरा लवकर झाली पण नंतर चिकटपणा धुवायला तेवढाच वेळ गेला, शिवाय मुंग्या. पाणी बरं.

काय वापरू नका ते सांगतो. भांड्याची हिरवी घासणी अजिबात नाही, तिच्यात घासायची पूड असते, क्रोमवर धुकं पडल्यासारखे ओरखडे येतात आणि ते परत जात नाहीत. पॉलिश पेपर नाही. आई म्हणाली पितांबरी लाव, चिंच लाव, देवाची भांडी बघ कशी लखलखतात, तिला सांगितलं अगं ते तांब्या-पितळेला, हे वेगळं, तर म्हणाली मग तुमच्या त्या इंग्रजी फॉइलने घास. संडास साफ करायचं ॲसिड तर बाटलीचं झाकणसुद्धा उघडू नका, त्यात हायड्रोक्लोरिक असतं आणि क्रोमला खाणारं नेमकं तेच, दोन मिनिटांत क्रोम जाऊन पिवळट निकेल वर येईल. स्टील वूल बरेच जण सांगतात, सगळ्यात बारीक चार शून्यवालं, तेलाबरोबर, काम होतं त्याने, पण त्याचे केसासारखे तुकडे कोपऱ्यात अडकतात आणि डोंबिवलीच्या जुलैमध्ये आठ दिवसांत तेच गंजून नवे ठिपके तयार. वापरलंच तर ब्रशने झाडून काढा. मी एका पंजावर करून बघितलं आणि सोडलं.

रॉडची गोष्ट वेगळी. ते पूर्ण लोखंडी, आट्यांवर क्रोम नावापुरतं, तिथे आम्ल चालतं. ढोकळ्यात घालतात ते लिंबूसत्व, लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे, त्यात रॉड. अर्ध्या तासाने बघायचे, मग परत अर्ध्या तासाने, विसरून झोपायचं नाही (कोण बोलतंय बघा). बाहेर काढले की खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात एक बुचकळी, म्हणजे उरलेलं आम्ल मरतं, मग साध्या पाण्याने धुवून लगेच सुकवायचे, आणि लगेच म्हणजे लगेच, हेअर ड्रायर घेऊनच बसायचं, कारण नुकतं उघडं पडलेलं लोखंड दहा मिनिटांत पुन्हा तांबूस व्हायला लागतं. सुकले की शिवणयंत्राचं तेल. छप्पन रॉड मी चार रविवारांत केले. सत्तावीसाव्याला आटे उरलेच नव्हते, तो कोनाड्यात ठेवलाय आठवण म्हणून.

मजा म्हणजे काही रॉडना गंजच नव्हता, पिवळट चिकट काहीतरी बसलेलं, गुळाच्या पाकासारखं. मामाला फोन केला तर म्हणाला, खोबरेल. ऑर्केस्ट्राच्या दिवसांत तो दर शनिवारी आट्यांना खोबरेल तेल लावायचा. ते धूळ खाऊन इतकं घट्ट झालं होतं की रॉकेलने सोडवावं लागलं, पण खाली लोखंड नव्यासारखं. मी खोबरेल वापरणार नाहीये, पण आता त्याच्यावर हसणारही नाही.

फ्लोअर टमचे पाय खोबणीत अडकलेले, ते कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने सोडवून दिले. दोन दिवस रोज थोडं तेल सोड आणि फिरवू नको, आधी लाकडी हातोडीने टक टक कर, असं म्हणाला, आणि सुटले. मी पक्कड घेऊन गेलो होतो, त्याने ती माझ्या हातातून काढून घेतली.

मधे एकदा कंटाळून कुर्ल्याला एका प्लेटिंगवाल्याकडे गेलो होतो सहाही रिंगा घेऊन, म्हटलं सरळ नवीन क्रोम चढवून घ्यावं. माणूस प्रामाणिक निघाला. म्हणाला जुनं सगळं उतरवावं लागेल, खड्डे जाईपर्यंत बफिंग करावं लागेल, तुमची रिंग आधीच पातळ, बफ मारला की कडा गोल होणार, मग ही रिंग जपानची राहिली काय आणि माझी झाली काय. भाव परवडण्यासारखा होता तरी परत आलो. बाहेरच्या देशात जे लोक जुने सेट जमवतात तेसुद्धा नव्या चकचकीत क्रोमपेक्षा ठिपक्याठिपक्याच्या जुन्या मूळ क्रोमला जास्त मानतात, आणि मला त्यांचं पटतं, अर्थात मला विकायचा नाहीये.

फॉइलनंतर गाडीच्या दुकानात मिळतं ते क्रोम पॉलिश, ट्यूबमधलं, वाटाण्याएवढं घेऊन, आणि त्यावर गाडीचंच मेण. मेण महत्त्वाचं, कारण ती भोकं बुजवायला आपल्याकडे दुसरं काही नाही. वर्षातून दोनदा लावायला लागेल, एकदा मे अखेर आणि एकदा पावसाळा संपल्यावर.

सगळ्यात जास्त वेळ साइड ड्रमच्या वरच्या रिंगने खाल्ला. बाकीची रिंग आरशासारखी झाली पण एका बाजूला, दोन लगच्या मधे, वीतभर जागा जाईचना. फॉइल फिरवतोय, खरखर थांबतेय, पुसतोय, तरी काळे खड्डे. मग उन्हात तिरकी धरून बघितली तर तिथे कडेला बारीक बारीक चेपा, एकाला लागून एक, दहा-बारा तरी. काठी आपटायची जागा. रिंगच्या कडेवर मारल्याचा जो टक असा कोरडा आवाज येतो, तो सहा वर्षं रोज रात्री तिथूनच काढलेला, त्यानेच क्रोम तडकलं आणि समुद्राला आत जायला वाट मिळाली. तिथे मी आणखी घासलं नाही. म्हणजे घासलं असतं तरी काही झालं नसतं म्हणा.

गेल्या महिन्यात मामा मोतीबिंदूसाठी आला. एक डोळा झालेला, दुसऱ्याला अजून वेळ, काळा चष्मा. वय शहात्तर. मी सगळा सेट जोडून ठेवलेला, गॅलरीतलं ऊन बरोबर त्याच्यावर पडेल असा. मामा दारातच उभा राहिला. मग म्हणाला, "झिला, ह्या इतक्या कित्याक घासलंस? नवऱ्यासारखो दिसता."

"मामा, तू वाजवणार ना?"

"कातडी खंय आसत?"

कातडी नव्हती. म्हणजे ती प्लास्टिकचीच असतात आता, तेव्हाही होती, पण मामा कातडीच म्हणतो. जुनी फाटलेली, नवी मागवलेली आलेली नव्हती. मग तो स्टुलावर बसला, साइड ड्रम मांडीजवळ ओढला आणि न बघताच फिरवला, ती चेपांची बाजू बरोबर स्वतःकडे येईपर्यंत. नंतर फ्लोअर टमवरून हात फिरवायला लागला, एकेक लग, आंधळ्यासारखा, बोटांनी. साचे खात्यातला माणूस, धागा तुटला तर बोटांना कळायचं त्याला. मी खराब केलेला लग भिंतीकडच्या बाजूला, तळाला लावला होता. सातव्याला की आठव्याला त्याचं बोट थांबलं.

"हयसर काय झाला?"

सांगितलं. व्हिनेगर, वाटी, बुडबुडे. मामा एवढा हसला की आई आतून ओरडली, डोळ्याला ताण देऊ नकोस म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय.

कातडी परवा आली, बारा आणि चौदा इंची बसली, वीसची बदलून मागवलीये. तोपर्यंत एक विचारायचं होतं. कोणाकडे जुन्या जपानी सेटचा फ्लोअर टमचा लग पडलेला असेल, एकेरी, दोन स्क्रूचा, स्क्रूंमधलं अंतर अडतीस मिलीमीटर, समोरून डमरूसारखा मधे दबलेला, तर कळवा. क्रोमला ठिपके असले तरी चालतील. आणि एक स्प्रिंग पण.